पुस्तकांच्या कपाटाचा हिशेब एक्सेलमध्ये: कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

वाचनगटाच्या कपाटात तीनशेच्या वर पुस्तकं आहेत. कोणतं कोणाकडे गेलंय याच्या तीन वह्या आहेत, त्यांतली एक दोन्ही बाजूंनी लिहिलेली. हे सगळं स्प्रेडशीटमध्ये उतरवायचं काम मी अंगावर घेतलंय. स्प्रेडशीटची माझी पाटी कोरी आहे, म्हणून रोजची नोंद ठेवणार. मशीनवर एक्सेल आहे. भाची म्हणते की गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क असतं तरी यातलं बहुतेक सगळं असंच चाललं असतं. (फॉर्म्युले, म्हणजे सेलमध्ये = ने सुरू होणारी गणितं, इथे देवनागरीत लिहितेय; मशीनवर ते रोमन अक्षरांतच टाकायचे.)

आज फक्त ओळख. उभे कॉलम अक्षरांचे, आडव्या ओळी आकड्यांच्या आणि दोघांच्या छेदावर सेल. सी कॉलम आणि सातवी ओळ म्हणजे सी७. वर डावीकडच्या छोट्या चौकटीत आपण कुठे आहोत तो पत्ता दिसतो आणि त्याच्या शेजारच्या लांब पट्टीत सेलमध्ये खरोखर काय आहे ते. ही पट्टी बघायची सवय लाव, असं भाचीने दोनदा बजावलं. सेल आणि पट्टी यांत वेगळं काही का दिसावं, हे तेव्हा कळलं नाही.

रिकाम्या शीटमध्ये कंट्रोल आणि खालचा बाण दाबला तर थेट शेवटच्या ओळीवर जातो: १०,४८,५७६. उजवीकडे कॉलम १६,३८४, शेवटच्याचं नाव एक्सएफडी. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत ओळी ६५,५३६च होत्या आणि कॉलम २५६. सगळ्यांचा पूर्वज व्हिसिकॅल्क. तो १९७९ मध्ये ॲपल टू वर आला, त्यात २५४ ओळी नि ६३ कॉलम. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तो बनवला. ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलला शिकत होता. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे वर्गात बघताना त्याला कल्पना सुचली. आपल्या कपाटाला २५४ ओळीसुद्धा जवळजवळ पुरल्या असत्या.

६ जानेवारी

बोटांची सवय. एंटर खाली नेतो, टॅब उजवीकडे. टॅब-टॅब करत ओळ भरून शेवटी एंटर मारला की आपोआप पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. वही उतरवताना हे एकच कळलं असतं तरी पुरे. भरलेल्या सेलवर उभं राहून टाइप करायला लागलं की आधीचं सगळं जातं. आतलं एक अक्षर दुरुस्त करायचं तर आधी एफ२ हे बटण. अर्धवट टाइप केलेलं सोडून द्यायचं तर एस्केप. कंट्रोल झेड (केलेलं मागे घेणं) सगळीकडे.

तारखेच्या जागी नुसते हॅश दिसले तर घाबरायचं नाही, कॉलम अरुंद आहे. वर कॉलमच्या अक्षराच्या उजव्या रेघेवर डबल क्लिक केलं की तो हवा तेवढा रुंद होतो.

९ जानेवारी

आज टायपिंग शून्य, नुसती चर्चा. माझ्या मते हाच दिवस सगळ्यात कामाचा.

वहीत प्रत्येक पुस्तकाला एक ओळ होती आणि पुढे 'घेणारा', 'तारीख', 'परत', पुन्हा 'घेणारा', 'तारीख', 'परत' असं उजवीकडे वाढत गेलेलं. मी तसंच उतरवायला निघाले होते. भाची म्हणाली, "मावशी, एक प्रश्न विचारते. सध्या बाहेर किती पुस्तकं आहेत, ते यातून कसं मोजशील?" उत्तर सोपं नव्हतं. काही ओळींत शेवटची 'परत' तिसऱ्या जोडीत, काहींत सातव्या. डोळ्यांना ते सापडतं, कारण डोळा ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन थांबतो. फॉर्म्युल्याला कॉलम सांगावा लागतो आणि इथे कॉलम दर पुस्तकागणिक वेगळा.

मग ठरलं ते असं. दोन शीट. 'पुस्तके' शीटमध्ये एका पुस्तकाला एकच ओळ: क्रमांक, नाव, लेखक, प्रकार, पानं. 'देवघेव' शीटमध्ये एका देण्याला एक ओळ: पुस्तक क्रमांक, पुस्तकाचं नाव, सभासद, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. तेच पुस्तक दहादा गेलं तर दहा ओळी. शीट खाली वाढते, उजवीकडे नाही. 'परत' रिकामं म्हणजे पुस्तक बाहेर.

अजून काही बंधनं तिने घातली. शीर्षकांची ओळ एकच आणि ती पहिली. वर सुंदर मथळा नको, मधे रिकाम्या ओळी नकोत, प्रकारागणिक वेगळा रंग लावून त्या रंगातच माहिती ठेवायची नाही. रंग फॉर्म्युल्याला दिसत नाही. सेल एकत्र जोडायचे नाहीत, म्हणजे ते मर्ज बटण विसरून जायचं; सॉर्ट करताना, म्हणजे ओळी क्रमाने लावताना, जोडलेले सेल आडवे येतात. हे ऐकून थोडी हिरमुसले, कारण वहीच्या पानांवरचे मथळे मला आवडायचे. पण छापून लावायचा तक्ता वेगळा आणि माहितीचा साठा वेगळा, हे पटलं. शोभा हवीच असेल तर तिसऱ्या शीटमध्ये.

१२ जानेवारी

पुस्तकांचे क्रमांक वहीत फळी-पुस्तक असे आहेत. तिसऱ्या फळीवरचं बारावं म्हणजे ३-१२. तसं टाइप करून एंटर मारला, तर सेलमध्ये ३ डिसेंबर उभा. वरच्या पट्टीत पूर्ण तारीख, चालू वर्षासकट. मग सेलचा प्रकार 'जनरल' (साधा) केला की ३-१२ परत येईल अशी अपेक्षा, तर आला ४५९९४.

हे आकडे कुठून येतात ते पुढे बघायचंय. पण इतकं कळलं की मशीनने नुसतं दिसणं बदललेलं नाही, आतली वस्तूच बदलली आहे. '३-१२' असं काही त्या सेलमध्ये आता नाहीच, त्यामुळे प्रकार बदलून ते परत मिळणार नाही. टाइप करण्याआधीच कॉलम निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा, किंवा सुरुवातीला एक ॲपॉस्ट्रॉफी द्यायची (ती सेलमध्ये दिसत नाही, पट्टीत दिसते). दुसऱ्या मशीनवर जिथे महिना आधी लिहिण्याची पद्धत लावलेली असेल, तिथे हेच ३-१२ बारा मार्च होईल.

हा त्रास मोठमोठ्यांना झालाय. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च१, सेप्ट२ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं सोसलं आणि शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली: मार्च१ चं मार्चएफ१ झालं, सेप्ट२ चं सेप्टिन२. २०२० मध्ये समितीने तसा नियमच लिहून टाकला. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकांची बारशी पुन्हा करणं सोपं पडलं म्हणायचं.

आम्हीही तोच मार्ग धरला. क्रमांकाच्या आधी एक अक्षर: क३-१२. आता कोणत्याही मशीनला ही तारीख वाटणार नाही. आणि एक अंकी आकडे दोन अंकी लिहायचे, क३-०२, नाहीतर सॉर्ट केल्यावर क३-१० हा क३-२ च्या आधी येतो. अक्षरं म्हणून लावताना मशीन डावीकडून एकेक चिन्ह बघतं, दहा मोठे की दोन याच्याशी त्याला घेणं नाही.

त्याच ओघात: ००७ टाकलं की ७ उरतं. पुस्तकाचा तेरा आकडी आयएसबीएन टाकला तर ९.७८ई+१२ असं काहीतरी दिसतं. ते मात्र नुसतं दिसणं, आतला आकडा शाबूत असतो. पण सोळा आकडी काही टाकलं तर शेवटचा अंक खरोखरच शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकेपणा ठेवतं. ज्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते आकडे नव्हेतच, ती नावं आहेत, म्हणून टेक्स्ट.

खूण: काहीच न करता आकडा आणि तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डाव्या. तेव्हा मधोमध आणण्याचं बटण तूर्त वापरायचं नाही. ती खूण पुसली जाते.

१५ जानेवारी

४५९९४ चा उलगडा. एक्सेलसाठी तारीख म्हणजे नुसता दिवसांचा आकडा. १ जानेवारी १९०० हा १, तिथून मोजत १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८ आणि ३ डिसेंबर २०२५ म्हणजे ४५९९४. वेळ म्हणजे त्याच्यापुढचा अपूर्णांक; दुपारी बारा म्हणजे .५. तारखेचा पोशाख आपण चढवतो.

या मोजणीत एक जुनी चूक जाणूनबुजून ठेवली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेलमध्ये ६० टाकून तारखेचा पोशाख दिला तर २९ फेब्रुवारी १९०० दिसतं. लोटस १-२-३ या तेव्हाच्या गाजलेल्या स्प्रेडशीटमध्ये हे होतं आणि तिथल्या फाइली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने तेच उचललं. मी हे करून बघितलं आणि खुश झाले. आपल्या पुस्तकांचा १९०० शी संबंध नसल्यामुळे काही बिघडत नाही.

तारीख हा आकडा आहे म्हटल्यावर वजाबाकी आलीच. दिल्याची तारीख डी कॉलममध्ये, परत आल्याची ई मध्ये, तर एफ२ मध्ये =ई२-डी२. उत्तर 'वीस' यायला हवं तिथे २० जानेवारी १९०० आलं. म्हणजे वीसच, तारखेच्या पोशाखात. प्रकार 'जनरल' केला की २०. पुस्तक परतच आलं नसेल तर ई रिकामं, रिकामं म्हणजे शून्य, शून्यातून पंचेचाळीस हजार वजा. उणे आकड्याची तारीख होत नाही म्हणून सेलभर हॅश. कॉलम कितीही रुंद केला तरी हे हॅश जात नाहीत. सहा तारखेच्या नोंदीत 'घाबरायचं नाही' लिहिलंय त्याला ही पुरवणी.

शेवटी हे बसलं: =इफ(ई२="",टुडे(),ई२)-डी२. परत आलं नसेल तर आजच्या तारखेपर्यंत मोज, आलं असेल तर आल्या दिवसापर्यंत.

टुडे() बद्दल सावध. तो उद्या उद्याची तारीख दाखवतो. म्हणून 'दिल्याची तारीख' या कॉलममध्ये तो टाकायचा नाही, नाहीतर सगळी पुस्तकं कायम आजच दिलेली दिसतील. तिथे कंट्रोल आणि अर्धविराम: आजची तारीख पक्की लिहिली जाते.

वह्यांतल्या तारखा उतरवताना काही डावीकडे चिकटल्या. त्या दुसऱ्या मशीनवर उतरवल्या होत्या आणि ते महिना-आधी पद्धतीवर लावलेलं होतं, त्यामुळे १३/०२ ला तेरावा महिना सापडेना आणि तो मजकूर म्हणून राहिला. ह्या निदान दिसतात. खरी धास्ती ०५/०२ ची: ती उजवीकडे निमूट बसते, फक्त दोन मे होऊन. त्या मशीनची तारखेची पद्धत आधी बदलली, मगच पुढची पानं घेतली. आणि दाखवताना महिना अक्षरांत: ०५-फेब्रु. अक्षरांत महिना दिसला की उलटापालट लगेच नजरेत भरते.

२० जानेवारी

पुस्तक २१ दिवस ठेवता येतं. हा २१ फॉर्म्युल्यात लिहायचा नाही, एका सेलमध्ये ठेवायचा, म्हणजे गटाने उद्या मुदत बदलली तर एकाच ठिकाणी बदल. ठेवला के१ मध्ये. जी२ मध्ये: =इफ(एफ२>के१,"उशीर",""). पहिल्या ओळीला बरोबर उत्तर: पुस्तक १४ दिवसांत आलेलं, सेल कोरा.

आता हा फॉर्म्युला खाली सगळ्या ओळींना हवा. सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला ठिपका धरून ओढायचा. मी विचारलं, इतकंच? भाची म्हणाली, "ओढ की. मग बघू." तिच्या तोंडावर हसू होतं.

ओढलं आणि दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत सगळीकडे 'उशीर'. चार दिवसांत आलेल्या पुस्तकालाही उशीर. जी३ वर एफ२चं बटण दाबलं की फॉर्म्युल्यात ज्या ज्या सेलचा उल्लेख आहे त्यांना रंगीत चौकटी येतात. एक चौकट एफ३ वर, ते बरोबर. दुसरी के२ वर, आणि के२ रिकामा. जी४ ची दुसरी चौकट के३ वर. म्हणजे फॉर्म्युला खाली ओढला तसा त्यातला प्रत्येक पत्ता एकेक घर खाली सरकला. रिकामा सेल म्हणजे शून्य, चार हे शून्याहून मोठे, म्हणून उशीर. मशीनने तक्रार काहीच केली नाही. त्याच्या दृष्टीने सगळं रीतसर होतं.

फॉर्म्युला पत्ता लक्षात ठेवत नाही, अंतर लक्षात ठेवतो. जी२ मधला एफ२ म्हणजे त्याच्यासाठी 'माझ्याच ओळीत, एक घर डावीकडे'. म्हणूनच ओढल्यावर प्रत्येक ओळीला आपापले दिवस मिळतात, आणि त्याच कारणाने के१ हातातून सुटतो. सुटू द्यायचा नसेल तर डॉलरचं चिन्ह: $के$१. अक्षराआधीचा डॉलर कॉलम बांधतो, आकड्याआधीचा ओळ. टाइप करताना पत्त्यावर असताना एफ४ दाबत राहिलं की चारही प्रकार फिरून येतात: दोन्ही बांधलेले, फक्त ओळ, फक्त कॉलम, दोन्ही मोकळे.

संध्याकाळी याच्याच नादात बसले होते. एक ते दहाचे पाढे एकाच फॉर्म्युल्याने: पहिल्या कॉलममध्ये १ ते १०, पहिल्या ओळीत १ ते १०, आणि बी२ मध्ये =$ए२*बी$१. उजवीकडे ओढला, मग सगळी पट्टी खाली ओढली. शंभर उत्तरं. शिकणाऱ्याने हे स्वतः करून बघावं. डॉलर कुठे हवा ते वाचून डोक्यात शिरत नाही, बोटांतून शिरतं.

२६ जानेवारी

पानांच्या कॉलमची बेरीज. =सम(ई२:ई४०) सोपं. पण काही पुस्तकांची पानं दुसऱ्या यादीतून चिकटवली होती, ती डावीकडे चिकटलेली, म्हणजे मजकूर. सम असे सेल मोजतच नाही आणि तसं सांगतही नाही. छोटा प्रयोग: एका सेलमध्ये मजकूर म्हणून १२०, खाली आकडा म्हणून २४०. दोघांमध्ये अधिक चिन्ह टाकून बेरीज केली तर ३६०. सम वापरला तर २४०. एकाच शीटमध्ये, शेजारी शेजारी.

सरासरी रिकामा सेल सोडून देते, शून्य मात्र धरते. १२०, २४० आणि रिकामा, सरासरी १८०. रिकाम्या जागी ० टाकला की १२०. पानं माहीत नाहीत त्या पुस्तकांना शून्य लिहायचं नाही, कोरं ठेवायचं.

आणि दशांशाची बटणं फक्त दिसणं बदलतात. ९, १४ आणि १८ दिवसांची सरासरी १३.६७, दशांश घालवले की १४ दिसतात. या सेलला तीनने गुणलं तर ४२ नाही, ४१ येतात, कारण आत १३.६६६ तसाच आहे. खरंच गोल करायचा तर राउंड हा फॉर्म्युला.

२ फेब्रुवारी

कोणी किती पुस्तकं नेली: =काउंटइफ(सी:सी,"नाव"). वहीत एका सभासदाची जितकी पुस्तकं दिसतात त्याहून शीट कमी दाखवत होतं. नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी. मग लेन लावून अक्षरं मोजली: एका ओळीत एक जास्त. नावाच्या मागे एक स्पेस होती. ट्रिम हा फॉर्म्युला मागच्या-पुढच्या जादा स्पेस काढतो. पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात एक वेगळी, न तुटणारी स्पेस येते, ती ट्रिमलाही दाद देत नाही. ती सब्स्टिट्यूट वापरून, कॅर(१६०) च्या जागी साधी स्पेस घालून काढावी लागते.

हे एकेक निस्तरत बसण्यापेक्षा चुकीला दारच बंद करणं बरं. सभासदांच्या नावांची एक वेगळी शीट केली आणि देवघेवच्या सी कॉलमला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली. आता नाव टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. ऱ्हस्व-दीर्घाचे वाद, आडनाव आधी की नंतर, आद्याक्षरांमागे टिंब की नाही, सगळं एका झटक्यात मिटलं. प्रकाराच्या कॉलमलाही तसंच. आजवरच्या कामात कष्टाच्या मानाने सर्वांत जास्त परतावा देणारी गोष्ट हीच.

८ फेब्रुवारी

देवघेवमध्ये क्रमांक टाकला की पुस्तकाचं नाव आपोआप यावं. त्यासाठी बी२ मध्ये =व्हीलुकअप(ए२,पुस्तके!ए:डी,२,फॉल्स). ए२ मधला क्रमांक 'पुस्तके'च्या पहिल्या कॉलममध्ये शोध, सापडला त्या ओळीतला दुसरा कॉलम आण.

शेवटचा फॉल्स गाळता येतो, आणि गाळला तरी फॉर्म्युला चालतो, यासारखी फसवी सोय दुसरी नसेल. फॉल्स नसेल तर मशीन यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरतं आणि नेमकं सापडलं नाही तर जवळचं त्याहून लहान उचलतं. म्हणजे कपाटात नसलेल्या पुस्तकाच्या क्रमांकालाही कुठलंतरी नाव मिळतं. फॉल्स असेल तर #एन/ए येतो: 'नाही सापडलं'. हा लाल कंदील उपयोगाचा आहे. तो दिसायला वाईट म्हणून इफएररने झाकून टाकायचा सल्ला मिळाला, पण सध्या मी झाकणार नाही.

त्यातला २ हाही पक्का आकडा. 'पुस्तके'मध्ये क्रमांक आणि नाव यांच्यामध्ये कोणी नवा कॉलम घातला तर नाव तिसरं होईल आणि फॉर्म्युला दुसरंच काहीतरी आणेल. नव्या आवृत्त्यांत एक्सलुकअप आहे, तो कॉलम मोजत नाही आणि न सांगता नेमकंच शोधतो. आपल्या गटात कुणाकडे जुनं एक्सेल असेल सांगता येत नाही, म्हणून व्हीलुकअप ठेवला.

१५ फेब्रुवारी

फिल्टर आणि सॉर्ट. फक्त एक कॉलम निवडून सॉर्ट करायला गेलं की एक्सेल विचारतं: शेजारचे कॉलमही बरोबर हलवू का? 'हो'च म्हणायचं. 'नाही' म्हटलं तर नावं हलतात नि तारखा जागच्या जागी राहतात. प्रत्येक पुस्तक दुसऱ्याच कोणाकडे गेलेलं दिसतं.

फिल्टर लावून फक्त कथासंग्रह ठेवले. पानांची बेरीज तीच राहिली, कारण सम लपलेल्या ओळीही धरतो. दिसतात तेवढ्यांचीच हवी तर =सबटोटल(९,ई२:ई४०). यातला ९ म्हणजे 'बेरीज कर'. १ दिला तर सरासरी. ही रचना कोणाला सुचली असेल देव जाणे.

मग दोन्ही शीट कंट्रोल टी दाबून 'टेबल' केल्या. खाली नवी ओळ टाइप केली की फॉर्म्युले आपोआप उतरतात. हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर भाची म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर डॉलर शिकली नसतीस." बरोबर आहे, पण म्हणून तिला सोडलं नाही.

२३ फेब्रुवारी

पिव्होट टेबल, म्हणजे लांब यादीतून मोजणीचा आटोपशीर तक्ता. नाव ऐकून धडकी भरली होती. प्रत्यक्षात नऊ जानेवारीला आखणी नीट झाल्यामुळे काम काही मिनिटांचं: सभासद डावीकडे ओढ, महिना वर ओढ, पुस्तक क्रमांक मधे टाक, मोजणी तयार. वहीची तशी आखणी इथे कधीच चालली नसती. नवी देवघेव टाकल्यावर पिव्होट स्वतःहून बदलत नाही, रिफ्रेश म्हणावं लागतं.

गटाला खरा प्रश्न होता: कोणती पुस्तकं कधीच कोणी नेली नाहीत? पिव्होटमध्ये ती शोधत बसले तर एकही नाही. असणार कशी? पिव्होट देवघेववर बांधलेला, आणि जे पुस्तक कधी गेलंच नाही त्याची देवघेवमध्ये ओळच नाही. उत्तर 'पुस्तके' शीटच्या बाजूने काढावं लागलं: एफ कॉलममध्ये =काउंटइफ(देवघेव!ए:ए,ए२) आणि शून्यांवर फिल्टर. यादी लांबलचक निघाली. काही शून्यं खरी, काही पहिल्या वहीच्या फाटलेल्या पानांमुळे. कोणती कुठली ते शीट सांगू शकत नाही, म्हणून शेजारी 'शेरा' असा कॉलम.

२ मार्च

तपासणीचा दिवस. वाचनात दोन उदाहरणं आली. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. त्याचा हवाला अनेक देशांत धोरण ठरवताना दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मूळ शीट मिळाली. त्यात सरासरीचा पल्ला ४९ व्या ओळीपर्यंत हवा होता, तो ४४ व्या ओळीवर थांबला होता, म्हणजे पाच देश गळले. निबंधावर इतर, जास्त वजनदार आक्षेपही घेतले गेले, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या या पाच ओळी. दुसरं उदाहरण इंग्लंडचं. २०२० च्या सप्टेंबर अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोरोनाचे जवळपास १६,००० रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले, कारण प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सेल प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत.

दोन्हींत पडद्यावर एकही लाल खूण नव्हती. त्यामुळे आमच्या फाइलमध्ये 'तपासणी' नावाची शीट केली. एकूण पुस्तकं वजा बाहेर असलेली पुस्तकं म्हणजे कपाटात इतकी असायला हवीत. शेजारच्या सेलमध्ये प्रत्यक्ष मोजून आलेला आकडा हाताने लिहायचा. दुसरी ओळ: देवघेवमध्ये परत आल्याची तारीख दिल्याच्या तारखेआधीची आहे असं किती ठिकाणी आहे? शून्य हवं. तिसरी: एकच पुस्तक एकाच वेळी दोघांकडे दिसतंय का? ही लावताच चार पुस्तकं निघाली. वहीत 'परत' लिहायचं राहून गेलं होतं. कागदावर ते कधी कळलंच नसतं.

कंट्रोल आणि कीबोर्डवरचं टिल्डचं बटण दाबलं की सगळ्या सेलमध्ये उत्तरांऐवजी फॉर्म्युले दिसतात. नजर वरून खाली फिरवायची. मधेच एखाद्या ओळीत फॉर्म्युल्याऐवजी नुसता आकडा असेल तर लगेच खुपतो. मला एक सापडला. कोणी तरी 'दिवस'मध्ये ३० असं हातानेच लिहून ठेवलं होतं.

९ मार्च

कपाट सांभाळणाऱ्या दुसऱ्या सभासदाला फाइल द्यायची आहे. मूळ प्रकारातच द्यायची. सीएसव्ही करून दिली तर फक्त एक शीट जाते, फॉर्म्युले जातात, रुंदी-रंग सगळं जातं, उरतात स्वल्पविरामांनी जोडलेली उत्तरं. शिवाय साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. त्यातल्या त्यात 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडायचा.

फॉर्म्युल्यांचे कॉलम कुलूपबंद केले. यात उलटी गंमत आहे: सगळे सेल मुळातच 'लॉक्ड' असतात, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत त्या लॉकला अर्थ नसतो. म्हणून आधी भरायचे सेल उघडे करायचे, मग शीट प्रोटेक्ट. पण तसं केल्यावर टेबलला खाली नवी ओळ आपोआप जोडली जाईना. कुलूप काढलं, त्याऐवजी फॉर्म्युल्यांच्या कॉलमना फिकट करडा रंग दिला आणि पहिल्या शीटवर लिहिलं: करड्याला हात लावू नये. (रंगात माहिती ठेवू नये हे मान्य, ही सूचना आहे, माहिती नाही.)

उरलेलं: तिसऱ्या वहीची शेवटची पानं. फाटलेल्या पानांवरची पुस्तकं सभासदांना विचारून भरणं. सभासदांच्या शीटमध्ये फोनचा कॉलम घालायचाय. तो आधी टेक्स्ट करून मगच आकडे टाकायला घ्यायचे.